डुबॉयसीचं पोट पुन्हा पुन्हा फुगतंय? औषधाआधी तारखा काढा

ज्यांच्याकडे टाकीत ट्रोफियस डुबॉयसी (आफ्रिकन सिक्लिडमधल्या ट्रोफियस जातीतले मासे) आहेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी एखादा मासा खाणं सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो, पोट फुगतं आणि चार दिवसांत जातो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. एकदाच झालं असेल तर औषध करा आणि सोडून द्या. पण परत परत होत असेल तर औषध बरोबर की चूक हा प्रश्नच नाहीये, टाकीत दुसरंच काहीतरी चाललंय. मला हे कळायला आठ महिने आणि सहा मासे लागले, ते सहाही मी नखाएवढे असताना आणले होते, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेले, त्यामुळे अजून वाईट वाटतं.

माझी टाकी पुण्यात फ्लॅटमध्ये आहे, पाच फुटी, १५० बाय ५० बाय ५० सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ ३७५ लिटर पण दगड आणि वाळू धरून खरं पाणी साधारण ३२०. सुरुवातीला १४ मासे. चार वेळा ब्लोट (पोट फुगण्याच्या या आजाराला असंच म्हणतात) आला आणि चारही वेळा मी तेच केलं, मेट्रोनिडाझोल हे परजीवी मारणारं औषध टाकलं, जे वाचले ते वाचले, आठवड्याने सगळं छान दिसायला लागलं की विसरून गेले. दुकानात विचारलं की पॅरासाइट आहे सांगायचे, दुसरा म्हणायचा खाणं चुकतंय, तिसरा म्हणायचा तुमचं पाणी खराब. तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं आणि म्हणूनच मी गोंधळत गेले.

आधी लक्षणं, कारण इथेच वेळ जातो. पोट फुगणं हे पहिलं लक्षण नाही, ते शेवटचं आहे. पहिलं म्हणजे मासा खाणं तोंडात घेतो आणि थुंकतो. डुबॉयसी हा खादाड मासा, तुम्ही खोलीत शिरलात की काचेवर गर्दी करतो, त्यामुळे जो मासा गर्दीत आला नाही किंवा आला आणि दाणा थुंकला तो मासा त्याच दिवशी लक्षात ठेवायचा. मग तो फिल्टरच्या पाइपमागे किंवा वरच्या कोपऱ्यात उभा राहायला लागतो, कल्ले भरभर हलतात, विष्ठा पांढरी आणि लांब लोंबते, ती आतड्याच्या अस्तराचा चिकट स्राव असतो, अन्न त्यात जवळजवळ नसतंच. यानंतर पोट. आणि पोट फुगून खवले उभे राहिले, वरून बघितल्यावर अंगावर काटा आल्यासारखे दिसायला लागले, तर तो मासा वाचणं फार कठीण, माझा एकही वाचला नाही.

एक गोष्ट इथेच सांगते कारण मी स्वतः ही चूक केलीय. मादीने तोंडात अंडी धरली असतील तरी ती खायला येत नाही आणि कोपऱ्यात राहते. तिला आजारी समजून मी औषध टाकलं आणि तिने सगळी अंडी टाकून दिली. फरक असा की अंडी धरलेल्या मादीचा फुगवटा पोटाला नसतो, हनुवटीखाली असतो, खालचा जबडा भरलेला दिसतो आणि ती मधूनमधून काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवते. पांढरा दोरा नसतो. डुबॉयसी अंडी थोडीच घालतात, दहाच्या आसपास, पण मोठी असतात, आणि ती जवळजवळ चार आठवडे तोंडात राहतात. ट्रोफियसच्या माद्या या काळात थोडं थोडं खातातही आणि ते तोंडातल्या पिल्लांच्या पोटात जातं, म्हणजे आई उपाशी राहून पिल्लांना तोंडातल्या तोंडात भरवते. त्यामुळे धरलेल्या मादीने एखादा दाणा उचलला तरी "ही धरलेली नाही" असा निष्कर्ष काढू नका.

आता हा मासा इतका नाजूक का ते समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं सगळं नुसते नियम वाटतील. हा मासा फक्त टांगानिका सरोवरात सापडतो, तेही उत्तरेकडच्या खडकाळ किनाऱ्यांवर. १९५९ साली जॉर्ज मार्लिए यांनी त्याचं वर्णन केलं. टांगानिका म्हणजे टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया अशा चार देशांत पसरलेलं, १४७० मीटर खोल, जगातलं दुसऱ्या नंबरचं खोल सरोवर. एवढ्या पाण्याचा पीएच ८.६ ते ९ च्या आसपास, तापमान वरच्या थरात २४ ते २७, आणि ते वर्षभर फारसं हलतच नाही. म्हणजे या माशाच्या कित्येक पिढ्यांनी पाणी बदलणं म्हणजे काय हे बघितलेलंच नाही, आणि आपण दर रविवारी बादल्या घेऊन उभे.

खाणं काय, तर दगडावरचं शेवाळ. ट्रोफियस ते तंतू ओढून तोडतात, दिवसभर थोडं थोडं, त्यात बारीक किडेही पोटात जातात पण मुख्य माल शेवाळच. असं निकस खाणं पचवायला आतडं शरीराच्या कित्येक पट लांब असतं. त्या लांब नळीत चरबीवाला, प्रोटीनने भरलेला दाणा गेला की तो तिथे फार वेळ राहतो. ब्लोटमध्ये आतड्यात स्पायरोन्युक्लियससारखे सूक्ष्म परजीवी बऱ्याचदा सापडतात, काही वेळा बॅक्टेरिया सापडतात, नेमका दोषी कोण यावर एकमत नाही. पण असे परजीवी धडधाकट दिसणाऱ्या माशातही थोड्या संख्येने असू शकतात आणि ताण आला, आतडं बिघडलं की त्यांचं फावतं. म्हणूनच गोळीने परजीवी मेले तरी ब्लोट परत येतो. ताण तिथेच बसलेला असतो ना.

तर तारखांकडे येते. चौथ्या वेळी मासा गेला तेव्हा मी मोबाइलमधले टाकीचे फोटो, दुकानाचे मेसेज आणि किचनमधलं कॅलेंडर असं सगळं घेऊन बसले आणि प्रत्येक ब्लोटच्या आधीच्या दहा दिवसांत घरात काय झालं ते कागदावर लिहून काढलं. हे तुम्ही आजच करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिला ब्लोट गणपतीनंतर. आम्ही सहा दिवस कोकणात होतो, शेजारचे काका रोज येऊन खाणं घालायचे. मासे काचेवर येऊन नाचतात, बघणाऱ्याला वाटतं बिचारे उपाशी आहेत, म्हणून काका प्रेमाने दोनदा-तीनदा घालत होते, आणि दाणे संपल्यावर शेजारच्या छोट्या टाकीसाठी आणलेला सुका ट्युबिफेक्स (वाळवलेले बारीक किडे) घातला. त्यांना मी सांगितलंच नव्हतं की तो या माशांना चालत नाही. आल्यावर पाचव्या दिवशी दोन मासे.

दुसरा दिवाळीत. साफसफाई करताना मी टाकीही साफ केली, सगळे दगड काढले, घासले, वेगळ्या पद्धतीने रचले, ६० टक्के पाणी बदललं. आठ दिवसांनी एक मासा गेला.

तिसरा जानेवारीत. कमी झालेल्या माशांच्या जागी तीन नवीन आणून थेट सोडले. दहा दिवसांत एक नवा आणि एक जुना गेला.

चौथा एप्रिलमध्ये आणि हा सगळ्यात फसवा. पाणीकपात होती, सोसायटीत टँकर यायला लागले. आमच्या नळाचं पाणी मऊ, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर ८०-९० दाखवतं, म्हणून मी दर वेळी १०० लिटरच्या ड्रमला २७ ग्रॅम खायचा सोडा आणि थोडं एप्सम सॉल्ट घालायचे. टँकरचं पाणी बोअरचं, टीडीएस ६५० च्या वर, केएच (कार्बोनेटचा कडकपणा, सोड्याने वाढतो तो) आधीच १४. सगळे म्हणतात आफ्रिकन सिक्लिडना कडक पाणी छान, म्हणून मी निर्धास्त होते, आणि सवयीने त्यातही तेवढाच सोडा घातला. केएच गेला २३ च्या घरात. पाणी कडक होतं म्हणून काही झालं नाही, एका दुपारीत एवढी उडी बसली म्हणून झालं. सात दिवसांनी एक मासा.

चार वेगवेगळी कारणं दिसतात ना? मलाही तसंच वाटलं आणि मी निराश झाले की आता काय काय सांभाळायचं. पण मग दुसरा रकाना केला, की आजारी नेमका कोण पडला. आणि तिथे एकच उत्तर येत होतं. दर वेळी तळाचा मासा. म्हणजे ज्याला सगळे हाकलतात, जो शेवटी खायला येतो, ज्याला स्वतःची कपार नाही.

ट्रोफियसमध्ये उतरंड असते आणि ती कडक असते. सरोवरात डुबॉयसी इतर ट्रोफियसपेक्षा जरा खोलात, साधारण ३ ते १५ मीटरवर, एकेकटे किंवा जोडीने राहतात, मोठ्या झुंडीत नाही. तिथे हरलेला मासा लांब निघून जातो. टाकीत लांब म्हणजे दीड मीटर. म्हणून टाकीत १२-१५ च्या वर ठेवतात, की मार सगळ्यांमध्ये वाटला जावा. आता बघा, दगड हलवले की सगळ्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि पुन्हा मारामारी. नवीन दोन-तीन मासे आणले की सगळे त्यांच्यावर. मासा मेला की गट लहान होतो आणि तेवढाच मार उरलेल्या तळाच्या माशाला बसतो. पाण्याने किंवा खाण्याने सगळेच थोडे बिघडतात, पण वरचे सावरतात, तळाचा आधीच काठावर असतो तो पडतो. म्हणजे एक ब्लोट पुढच्या ब्लोटची तयारी करून जात होता. आणि मी मात्र त्या मधल्या काळात "आता सगळं छान आहे" म्हणत होते.

हे कळल्यावर मी काय केलं ते सांगते, पण आधी ज्यांच्याकडे आज, आत्ता मासा आजारी आहे त्यांच्यासाठी.

खाणं तीन दिवस पूर्ण बंद, सगळ्यांचं. मोठ्या डुबॉयसीला तीन दिवस उपाशी राहून काही होत नाही. लाइट बंद ठेवा, उजेड कमी झाला की मारामारी कमी होते. अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट करा, हे विसरू नका, कारण या टाक्यांचा पीएच चढा असतो आणि पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी शेकडा एकसुद्धा विषारी रूपात नसतो पण पीएच ९ ला शेकडा पस्तीसच्या आसपास असतो. मऊ पाण्याच्या टाकीत जे रीडिंग चालून जातं ते इथे मारतं. लाइट जाऊन फिल्टर कित्येक तास बंद पडला असेल तर पहिली शंका हीच घ्या. मग ३० टक्के पाणी बदला, पण टीडीएस, पीएच, तापमान जुळवलेल्या पाण्याने.

तिसऱ्या दिवशी चिमूटभर खाणं टाकून बघा. थुंकतोय, पांढरा दोरा आहे, तर मेट्रोनिडाझोल. गोळ्या मेडिकलमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात, पशुवैद्य ओळखीचा असेल तर त्यांनाच विचारा. प्रमाण ४० लिटर खऱ्या पाण्याला २५० मिलिग्रॅम. माझ्या ३२० लिटरला २००० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० च्या पाच गोळ्या. कुटून कोमट पाण्यात नीट घोळवून टाका कारण ती पटकन विरघळत नाही. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. एक दिवसाआड, दर वेळी आधी २५ टक्के पाणी बदलून, असे तीन डोस. एअर पंप जोरात ठेवा. आणि जे मासे अजून खातायत त्यांना औषध खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं, १०० ग्रॅम खाण्याला १ ग्रॅम या हिशोबाने. मी उकडलेला पालक आणि स्पिरुलिना (शेवाळाची पूड) वाटून, चायना ग्रासमध्ये कोमट असताना औषध मिसळून, ताटलीत थापून फ्रीजमध्ये ठेवते. १० ग्रॅमला ४०० च्या गोळीचा पाव भाग पुरतो.

मासा वेगळ्या टाकीत काढावा का? माझं मत, सुरुवातीलाच असेल तर नाही. पकडण्यासाठी दगड हलवावे लागतात, म्हणजे सगळ्यांची घडी मोडते, आणि बरा होऊन परत सोडला की तो नवखा ठरतो आणि मार खातो. त्यापेक्षा अख्ख्या टाकीला औषध द्या. फार फुगलेला असेल, बाकीचे टोचत असतील तर मात्र काढा, तिथे दया महत्त्वाची.

एप्सम सॉल्टबद्दल बरेच जण विचारतात. २० लिटरला चहाचा एक चमचा, हे मी करते, अडकलेलं पोट मोकळं व्हायला त्याचा उपयोग होतो. पण ते ब्लोटचं औषध नाही, सोबतचं आहे. लसणाने ब्लोट बरा होतो असं मला तरी दिसलं नाही.

आता मुळावरचे उपाय. पहिलं मी खाणं बदललं. सुका ट्युबिफेक्स घरातूनच काढला, रंग खुलवणारे म्हणून मिळतात ते फिशमीलवाले दाणे बंद केले. आता स्पिरुलिना फ्लेक, दिवसातून तीनदा, एका मिनिटात संपेल एवढंच. आठवड्यातून दोनदा उकडलेला पालक किंवा सोललेला मटार. आठवड्यात एक दिवस उपास. मागच्या काचेवरचं शेवाळ मी घासत नाही, दिवसभर मासे तिथे टोचत बसतात आणि त्यांना हेच हवं असतं. बाहेरगावी जाताना रोजच्या रोज कागदाच्या पुड्या करून वर वार लिहिते, बाकीचं खाणं कपाटात. काका आता सोमवारची पुडी सोमवारीच उघडतात. चार दिवसांसाठी जात असाल तर कोणालाही सांगूच नका, मोठे मासे उपाशी राहू द्या.

पाण्याचं असं की आता आधी मोजते आणि मग घालते. १०० लिटरचे दोन ड्रम, पाणी भरून, क्लोरिन काढून, एअर स्टोन लावून एक दिवस तसंच. मग केएच बघायचा. हिशोब सोपा आहे, ५० लिटरला ६ ग्रॅम खायचा सोडा म्हणजे केएच साधारण ४ डिग्रीने वाढतो. मला १२ हवाय आणि नळाला ३ आहे म्हणून १०० लिटरला २७ ग्रॅम. टँकरचं पाणी असेल तर शून्य ग्रॅम. खायचा सोडाच घ्या, बेकिंग पावडर नाही, त्यात आम्ल असतं. आणि पाणी आठवड्याला २० टक्के, एकदम ६० कधीच नाही. टांगानिकाच्या आकड्यांशी तंतोतंत जुळवायच्या मागे लागू नका. माझा पीएच ८.४ वर थांबलाय आणि तो तिथे थांबलाय यातच मासे खूश आहेत. दगड म्हणाल तर आपला काळा पाषाण उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. शहाबादी फरशीचे तुकडे टाकणारेही आहेत, ती चुनखडीची असते, हळूहळू कडकपणा वाढवते, चालेल, पण किती वाढवते ते मोजत राहा. उन्हाळ्यात पाणी ३१ च्या वर जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा झाकण काढून वर जाळी आणि छोटा पंखा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, गट. ११ मासे उरले होते, त्यात दोन नर सतत भिडलेले. त्यातला एक माझ्या मित्राकडे दिला, १० उरले. मग एकेक आणायचा मोह टाळून दोन महिने थांबले आणि एकाच वेळी आठ पिल्लं आणली, ठिपकेवाली, दीड-दोन इंची. आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवली, त्यांचं खाणं, विष्ठा बघितली. मग एका संध्याकाळी मोठ्या टाकीतले दगड मुद्दाम हलवले, लाइट बंद केला आणि आठही एकदम सोडली. दिवाळीत ज्याने घात झाला तेच इथे कामी आलं, कारण कोणाचीच हद्द शिल्लक नव्हती, जुना-नवा सगळे सारखे, आणि मार आठ जणांत वाटला गेला. शिवाय लहान पिल्लांना मोठे फारसं मनावर घेत नाहीत, ठिपके आहेत तोवर तरी. दगडही आता काचेच्या दोन्ही बाजूंना पार वरपर्यंत रचलेत, पळायला जागा राहील अशा भरपूर फटी ठेवून, आणि त्यांना मी हात लावत नाही.

याला आता चौदा महिने झाले. मधे एकदाच, नोव्हेंबरमध्ये, एका माशाने सकाळी दाणा थुंकला. त्याच दिवशी सगळ्यांचं खाणं बंद केलं, लाइट घालवला, आणि शोधलं तर हीटर अडकून पाणी रात्रीत ३० वर गेलेलं. हीटर बदलला, तीन दिवसांनी तो खायला लागला, औषधाची गोळी उघडावी लागली नाही.

तुमचा कागद करून झाला की त्यात हे तीन रकाने नक्की ठेवा: थुंकल्याची तारीख (मेल्याची नाही), त्याआधीच्या दहा दिवसांत बदललेलं काहीही, आणि तो मासा उतरंडीत कुठे होता. मेल्याची तारीख धरलीत तर शोध चुकीच्या आठवड्यात लागतो, माझा पहिल्यांदा तसाच चुकला होता. आणि मदत मागताना टाकीचा साइज, माशांची संख्या, नर किती, खाण्याच्या पाकिटाच्या मागचे पहिले तीन घटक आणि ताज्या टेस्टचे आकडे एवढं सांगा, नुसता फुगलेल्या माशाचा फोटो बघून कोणालाच काही सांगता येत नाही.